विठाबाईंचा फड आणि उचलीचा हिशेब

(शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतील कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)

वीटभट्टी मजुरांच्या उचलीवर मी बोलावे, अशी आपली सूचना होती. मी त्याच विषयावर येणार आहे. परंतु तेथे पोचण्याची माझी वाट भिवंडी-कल्याणच्या भट्ट्यांवरून जात नाही. ती नारायणगावहून निघते, माळशेज घाट उतरते आणि मुरबाड तालुक्यात म्हशाच्या जत्रेत येऊन थांबते. पौष पौर्णिमेला म्हसोबाची ही जत्रा भरते. गुरांचा बाजार भरतो, घोंगड्यांची दुकाने लागतात आणि तमाशाचे तंबू उभे राहतात. बैलाचा भाव काय निघाला, दलालाने शेतकऱ्याला कसे नाडले, यावर आपण तावातावाने बोलतो. तंबूच्या पडद्यामागे बसलेल्या माणसांना रात्रीचे काय मिळते, याची चौकशी मात्र आपल्यापैकी फार थोड्यांनी केली असेल. आज मी ती चौकशी एका गायिकेच्या आयुष्याच्या आधाराने करणार आहे. तिचे नाव विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर.

त्यांच्या गायकीचे रसग्रहण करण्याचा अधिकार माझा नव्हे. मी अर्थशास्त्राचा शिक्षक. लावणीतील अदा, आवाजाची फेक, सवालजवाबातील हजरजबाबीपणा यांवर जाणकारांनी बोलावे. माझे म्हणणे एवढेच की विठाबाई ज्या फडाच्या प्रमुख गायिका आणि पुढे मालकीण होत्या, तो फड कलेचे व्यासपीठ होता तसाच एक उद्योगही होता. त्यात भांडवल लागत होते, मजूर लागत होते, कर्ज लागत होते, आणि तोटा झाला तर तो कोणाच्या तरी अंगावर पडत होता. त्या उद्योगाचा हिशेब कोणी मांडत नाही, म्हणून तो आपण मांडून पाहू.

विठाबाईंचा जन्म जुलै १९३५ मध्ये पंढरपूरला झाला. घराणे नारायणगावचे. आजोबा नारायण खुडे यांनी फड उभा केला. वडील भाऊ आणि चुलते बापू यांनी तो ‘भाऊ-बापू मांग नारायणगावकर’ या नावाने गावोगाव नेला. गण, गवळण, भेदिक, लावणी हे सारे त्या घरातच शिकल्या. इतर मुली शाळेत पाटी घेऊन बसतात त्या वयात फडातील मूल कामाला लागते, आणि त्याला कोणी बालमजूर म्हणत नाही; घरचा वारसा म्हणतात. १९५७ साली, म्हणजे वयाच्या जेमतेम बाविसाव्या वर्षी, राष्ट्रपतींकडून त्यांचा गौरव झाला. पुन्हा १९९० साली झाला. लोकांनी त्यांना ‘तमाशा सम्राज्ञी’ म्हटले. त्यांच्या मुली याच रंगभूमीवर आल्या. मंगला बनसोडे यांचा स्वतंत्र फड महाराष्ट्रभर गाजला. १५ जानेवारी २००२ रोजी विठाबाईंचे निधन झाले. अखेरची वर्षे आर्थिक ओढाताणीत गेली, आणि त्यांच्या निधनानंतर रुग्णालयाचे बिल दात्यांनी वर्गणी करून भागवले. २००६ साली राज्य शासनाने त्यांच्या नावाने तमाशा क्षेत्रासाठी जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. आयुष्याची ही हकीकत मी मुद्दाम एका दमात सांगितली. दोनदा राष्ट्रपतींकडून सन्मान, लाखो प्रेक्षक, आणि शेवटी बिलासाठी वर्गणी. या दोन टोकांमधील अंतर कसे पडले, हाच माझ्या आजच्या भाषणाचा विषय आहे.

या अंतराचे एक सोपे स्पष्टीकरण आपल्याकडे नेहमी दिले जाते: कलावंत उधळे असतात, त्यांना हिशेब कळत नाही. हे स्पष्टीकरण मला मान्य नाही. ज्या बाईने वर्षानुवर्षे फड चालवला, मालमोटारी, तंबू, स्वयंपाकी, वादक, सोंगाडे, नर्तकी आणि त्यांची लेकरे यांचा सारा संसार रोज नव्या गावी उतरवला आणि पहाटे पुन्हा भरला, तिला हिशेब कळत नव्हता असे म्हणणारा माणूस कधी दहा माणसांची सहलदेखील नेत नसावा.

फड म्हणजे काय, हे थोडे तपशिलाने पाहू. तमाशाचे दोन मुख्य प्रकार आहेत. संगीत बारीत मुख्यतः लावणीचे गायन आणि नृत्य असते. थोड्या माणसांत भागते आणि ती बहुधा एखाद्या थिएटरच्या आश्रयाने चालते. ढोलकी फड हा फिरता. त्यात गण होतो, गवळण होते, मावशी आणि पेंद्या येतात, बतावणी होते, रंगबाजी होते आणि मग रात्र चढल्यावर वग उभा राहतो. ढोलकी, हलगी, तुणतुणे, झांज, पेटी, मागे झील धरणारे सुरते, पुढे सोंगाड्या. याशिवाय तंबू ठोकणारे, दिवे लावणारे, गाडी हाकणारे, चूल पेटवणारे. मोठ्या फडात शंभरापर्यंत माणसे सहज असतात. दसऱ्याला फड बाहेर पडतो तो बुद्धपौर्णिमेपर्यंत फिरतो. त्यानंतर पाऊस. पावसात तंबू नाही, जत्रा नाही, म्हणून कमाई नाही. खाणारी तोंडे मात्र तेवढीच.

उत्पन्नाचे मार्ग दोन. एक, तिकिटाचा खेळ: कनात लावायची आणि जेवढे लोक येतील तेवढे आपले. दुसरा, सुपारी: गावची यात्रा समिती ठरावीक रक्कम देते आणि खेळ गावाला फुकट पाहायला मिळतो. सुपारीचा बाजार नारायणगावला भरतो. गुढीपाडव्याच्या सुमारास तेथे फडमालकांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे पुढारी येतात, या राहुटीतून त्या राहुटीत जातात, घासाघीस करतात आणि तारीख ठरवून विसार देतात. जत्रेची तारीख चंद्रावर ठरते. एकाच पौर्णिमेला शंभर गावांना फड हवा असतो आणि दोन दिवसांनी एकालाही नको असतो. ज्या रात्री मागणी असते त्या रात्रीही फड एकाच ठिकाणी उभा राहू शकतो. कापड गिरणीला मागणी वाढली की पाळी वाढवता येते, माल साठवता येतो. रात्र साठवता येत नाही.

येथे मला अमेरिकेतील दोन अर्थशास्त्रज्ञांची आठवण करून द्यायची आहे. विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन यांनी १९६६ साली रंगमंचीय कलांच्या अर्थकारणावर एक ग्रंथ लिहिला. त्यांचा मुद्दा साधा होता. कारखान्यात यंत्र येते, तासाला होणारे उत्पादन वाढते, त्यामुळे मजुरी वाढली तरी मालाची किंमत फारशी वाढत नाही. परंतु चार वादकांनी वाजवायची रचना दोनशे वर्षांपूर्वी चार वादकांनी जेवढ्या वेळात वाजवली, तेवढाच वेळ आणि तेवढेच वादक आजही लागतात. सभोवतालची मजुरी आणि महागाई वाढत जाते, कलेचा खर्च वाढत जातो आणि तिकिटातून तो निघत नाही. ही तूट कोणी तरी भरून काढावीच लागते. पाश्चात्त्य देशांत ती सरकारने, नगरपालिकांनी आणि धनिकांच्या देणग्यांनी भरली. आमच्या ढोलकीवाल्यालाही वगाला रात्रच लागते. तो दुप्पट वेगाने वाजवून दोन गावांचे खेळ एका रात्रीत उरकू शकत नाही. मग आमच्याकडे ही तूट कोणी भरली? सावकाराने कर्ज देऊन ती पुढच्या वर्षावर ढकलली, आणि कलावंताने कमी मजुरीत, आजारात, म्हातारपणात आपल्या अंगावर घेतली. विठाबाईंच्या रुग्णालयाचे बिल हे या साठत आलेल्या तुटीचे बिल होते, असे मी म्हणतो.

आता त्या प्रसंगाकडे येतो, जो महाराष्ट्रात विठाबाईंचे नाव निघाले की हटकून सांगितला जातो. दिवस भरलेले असताना त्या रंगमंचावर उभ्या होत्या. खेळ चालू असताना कळा सुरू झाल्या. त्या पडद्यामागे गेल्या, बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा खेळ करण्यास बाहेर आल्या. प्रेक्षकांच्या ध्यानी आले तेव्हा त्यांनीच खेळ थांबवण्यास सांगितले. ही हकीकत मी कितीतरी व्याख्यानांत ऐकली आहे, आणि प्रत्येक वेळी ती कलानिष्ठेचा परमोच्च आदर्श म्हणून सांगितली गेली आहे. टाळ्या पडतात. त्या बाईच्या धैर्यापुढे मीही नतमस्तक आहे. परंतु टाळी वाजवण्यापूर्वी एक सन लक्षात घ्यावे. मुंबई प्रांतात प्रसूती लाभाचा कायदा १९२९ साली झाला. गिरणीतील बाईला बाळंतपणात पगारी रजा देणारा तो या देशातील पहिला कायदा. त्या विधेयकाच्या बाजूने मुंबई विधिमंडळात डॉ. आंबेडकर बोलले होते. म्हणजे विठाबाईंच्या जन्मापूर्वीच या प्रांताने मान्य केले होते की बाळंतीण बाईला कामावर उभे करणे हा समाजाचा अपराध आहे. १९६१ साली सबंध देशासाठी कायदा झाला. या दोन्ही कायद्यांचा लाभ तंबूतल्या बाईपर्यंत पोचला नाही, कारण तिच्या कामाला आपण काम म्हटलेच नाही. आपण त्याला नाद म्हटले, कला म्हटले, पूजा म्हटले. माणसाच्या श्रमाला पूजा म्हटले की त्याची मजुरी ठरवण्याची जबाबदारी संपते.

आणि खेळ थांबला असता तर काय झाले असते, हाही प्रश्न विचारला पाहिजे. ज्या गायिकेच्या नावावर लोक जमतात ती आत गेली की लोक परतावा मागतात, सुपारीची उरलेली रक्कम अडते, प्रसंगी तंबूवर दगड येतात. त्या रात्रीच्या कमाईवर फडातील सगळ्या चुली अवलंबून असतात. पडद्यामागच्या त्या बाईच्या मनात त्या क्षणी काय होते, हे मी सांगू शकत नाही. तिच्याभोवतीची परिस्थिती मात्र सांगू शकतो. त्या परिस्थितीत तिला बदली नव्हती, रजा नव्हती, विमा नव्हता.

साथींनो, फडात माणसे टिकवण्याची जी पद्धत आहे तिचे नाव आपल्याला परके नाही. तिचे नाव उचल. हंगाम संपला की कलावंताच्या हाती फारसे काही उरत नाही. पावसाळ्यात घर शाकारायचे असते, मुलीचे लग्न असते, म्हाताऱ्याचे औषध असते. तो फडमालकाकडे जातो, उचल घेतो आणि पुढचा हंगाम त्या फडात काढण्यास बांधला जातो. हंगामभर पगारातून ती कापली जाते. पुरती फिटली नाही तर पुढच्या वर्षाच्या उचलीत मिळवली जाते. दुसऱ्या फडात जायचे झाले तर दुसऱ्या मालकाने पहिल्याचे पैसे चुकते करावे लागतात, म्हणजे माणूस एका वहीतून दुसऱ्या वहीत जातो. आणि ही उचल देण्यासाठी फडमालक पैसा कोठून आणतो? तोही कर्जाने. बँक त्याला उभे करत नाही. गहाण ठेवण्यास त्याच्याकडे जमीन नसते, आणि आवाज कोणी गहाण ठेवून घेत नाही. मग सावकार येतो, किंवा सुपाऱ्या मिळवून देणारा मध्यस्थ. येणाऱ्या हंगामाच्या सुपाऱ्या आधीच त्याच्या नावावर लागलेल्या असतात.

येथे आपल्या नेहमीच्या वर्गविश्लेषणाला थोडी अडचण होते, आणि ती लपवण्यात अर्थ नाही. विठाबाईंसारखी मालकीण या साखळीत कोठे बसते? ढोलकीवाल्याच्या दृष्टीने ती मालक, धनको. सावकाराच्या दृष्टीने ती ऋणको. आणि रंगमंचावर उभी राहिली की तीच फडातील सर्वांत जास्त राबणारी मजूर. कारण लोक तिला पाहण्यास आलेले असतात, तिच्या सोंगाड्याला नव्हे. एकाच देहात मालक, कर्जदार आणि कामगार अशी ही तिहेरी अवस्था आहे. अल्पभूधारक शेतकऱ्याची अवस्था आपण समजून घेतो. तो पेरणीला मजूर लावतो, म्हणून त्याला जमीनदार म्हणत नाही. फडमालकिणीला तोच न्याय लावला पाहिजे. तिच्याविरुद्ध तिच्याच कलावंतांचा मोर्चा काढून हा प्रश्न सुटणार नाही. वरून येणारे कर्ज जोवर तसेच आहे तोवर खालची उचल जाणार नाही.

आता वीटभट्टीकडे वळू. शहापूर आणि मुरबाडच्या कातकरी वाड्या दिवाळीच्या आगेमागे ओस पडू लागतात. माणसे भिवंडी-कल्याणकडच्या भट्ट्यांवर जातात, बायका-मुले बरोबर घेऊन, आणि पावसाच्या तोंडावर परत येतात. तमाशाच्या फडाचे वेळापत्रक यापुढे ठेवून पाहा. दसरा ते बुद्धपौर्णिमा. दोन्ही धंद्यांना कोरडी जमीन लागते, दोन्ही धंदे पावसात बंद, आणि दोन्हींत माणूस पावसाळ्यातल्या भुकेच्या बदल्यात पुढचा हिवाळा आणि उन्हाळा विकून मोकळा होतो. भट्टीवर जाणारे बिऱ्हाड आणि घाट उतरणारी फडाची मोटार या कल्याण-मुरबाड रस्त्यावर एकमेकांना ओलांडून जातात. दोघांच्याही डोक्यावर एकच वही आहे. या जिल्ह्याला ही वही जुनी ओळखीची आहे. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी सावकाराच्या घरी राबणारा लग्नगडी गोदावरी परुळेकर यांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात सबंध महाराष्ट्रापुढे आणला. तो त्या वेळच्या ठाणे जिल्ह्याचा, वारली मुलखाचा. त्यांचे आणि आपले मार्ग निराळे होते हे खरे. पण १९४५ च्या त्या लढ्याने या जिल्ह्यातील वेठबिगारीच्या पाठीत पहिला मोठा घाव घातला, हे मान्य करण्यास समाजवाद्याला संकोच वाटू नये.

वेठबिगार निर्मूलनाचा कायदा १९७६ चा. त्याचा वटहुकूम ऑक्टोबर १९७५ मध्ये निघाला, म्हणजे आपले अनेक साथी आणीबाणीत गजाआड होते तेव्हा. ज्या राजवटीने आपल्याला तुरुंगात घातले तिच्या हातून एक चांगला कायदा झाला. इतिहास असे टोमणे मारतो. त्या कायद्याने उचलीच्या बदल्यात माणसाला बांधून घेणे, दुसरीकडे काम करण्याचे त्याचे स्वातंत्र्य काढून घेणे, हा गुन्हा ठरवला आणि असे कर्ज रद्द केले. १९८३ साली सर्वोच्च न्यायालयाने बंधुआ मुक्ती मोर्चाच्या खटल्यात आणखी पुढे जाऊन सांगितले की सक्तीने राबवले जात असल्याचे दिसले, की ते घेतलेल्या आगाऊ रकमेपोटीच आहे असे गृहीत धरावे. तसे नाही हे मालकाने सिद्ध करावे. भट्टीच्या बाबतीत या निर्णयाचा उपयोग चळवळींनी केला. तमाशातील कलावंताची उचल या कायद्यात बसते की नाही? माझे मत असे की काही ठिकाणी निश्चित बसेल. परंतु केवळ हा कायदा घेऊन आपण राहुटीत गेलो, तर उचल बंद होईल आणि पावसाळा तसाच राहील. उचलीला पर्याय न देता उचल बंद करणे म्हणजे उपाशी माणसाच्या हातातले उसने भाकर काढून घेणे.

जातीचा प्रश्न बाजूला ठेवून हा हिशेब पुरा होत नाही. फडाच्या फलकावर ‘मांग’ हा शब्द ठळक लिहिलेला असे आणि विठाबाईंनी तो आपल्या नावातून कधी पुसला नाही. ज्या समाजाने हलगी वाजवली त्याने आपले नाव अभिमानाने लिहिले, असा त्याचा एक अर्थ. दुसरा अर्थ कमी सुखद आहे. तमाशा पाहणाऱ्या गावाला नाचणारी बाई कोणत्या जातीची आहे हे ठाऊक असणे सोयीचे होते. त्यामुळे तिच्याशी कसे वागावे हे आधीच ठरून जात असे. रात्री जिच्यावर दौलतजादा उधळला, तिला सकाळी कोणत्या पाणवठ्यावर जाऊ दिले? महाड सत्याग्रहाच्या काळातली एक हकीकत सांगतात. पठ्ठे बापूरावांनी आपल्या खेळांचे उत्पन्न सत्याग्रहाच्या निधीला देऊ केले आणि डॉ. आंबेडकरांनी ते नाकारले. अस्पृश्य स्त्रियांना नाचवून मिळवलेला पैसा आपल्याला नको, असा त्यांचा भाव. शैलजा पाईक यांनी २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी ग्रंथात तमाशातील दलित स्त्रियांच्या जिण्याचा जो अभ्यास केला आहे, तो वाचल्यावर त्या नकाराची धार आजही बोथट झालेली नाही, असे वाटते. मी त्या नकाराचा आदर करतो. परंतु तो नकार पैसा घेणाऱ्याचा होता. जी स्त्री त्याच कामावर चार लेकरे पोसत होती, तिला ‘हे काम सोड’ म्हणण्यापूर्वी दुसरे काम आणि ते मिळेपर्यंतची भाकरी देणे, ही जबाबदारी समाजाची होती. ती आपण पार पाडली नाही आणि तिच्या कामाला प्रतिष्ठाही दिली नाही.

शासनाने काय केले? स्वातंत्र्यानंतर लगेच मुंबई राज्यात तमाशावर बंदी आली, मग सुधारणा समिती आली, संहिता तपासून घेण्याची पद्धत आली. अश्लीलतेची चिंता सर्वांनी केली. त्यानंतर पुरस्कार आले, महोत्सव आले, फडांना अनुदान आले, वृद्ध कलावंतांना मानधन आले; २०२४ पासून ते दरमहा ५,००० रुपये आहे. नाही त्यापेक्षा हे बरे. पण पुरस्कार म्हणजे मजुरी नव्हे आणि मानधन म्हणजे निवृत्तिवेतनाचा हक्क नव्हे. मानधनासाठी म्हाताऱ्याने अर्ज करायचा, कलावंत असल्याचे पुरावे जोडायचे आणि समितीच्या मर्जीची वाट पाहायची. ज्याने आयुष्य तंबूत काढले त्याच्याकडे पुरावे कोठून येणार? त्याच्या नावाने कधी हजेरीपत्रक भरले गेले नाही, पगाराची पावती फाडली गेली नाही. १९८२ च्या संपानंतर गिरणगाव ओसरले, त्याबरोबर मुंबईतील तमाशाचा हक्काचा प्रेक्षक ओसरला. देशोधडीला लागलेल्या गिरणी कामगाराकडे निदान गिरणीत होतो असे सांगणारे तिकीट होते. त्याच्यासाठी गाणाऱ्या बाईकडे तेही नव्हते. २०२० आणि २०२१ या दोन्ही वर्षी करोनामुळे जत्रा बंद राहिल्या तेव्हा फडांचे काय झाले, ते आपण पाहिले. उचल वाटून झालेली होती, हंगाम आला नाही, कर्जाचे व्याज मात्र थांबले नाही.

मग करायचे काय? मी एक जुनाच आराखडा पुढे ठेवतो. या राज्याने १९६९ साली माथाडी कामगारांसाठी कायदा केला. हमालाला एक मालक नसतो. तो आज या पेढीवर, उद्या त्या गोदामात. म्हणून प्रत्येक व्यापाऱ्याने मजुरी आणि तिच्यावर ठरावीक लेव्ही मंडळाकडे भरायची आणि मंडळाने त्या लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, उपदान, औषधोपचार यांची व्यवस्था करायची, अशी योजना झाली. चित्रपट कामगारांसाठी १९८१ साली केंद्राने उपकरातून कल्याण निधी उभा केला. तमाशासाठी असे मंडळ का नसावे? समजा सुपारी एक लाखाची आहे. तिच्यावर शेकडा पाच लेव्ही धरली तर पाच हजार रुपये मंडळात जमा होतील आणि ते जत्रा भरवणारे गाव देईल, फड नव्हे. असंघटित धंद्यात लेव्ही वसूल कोठे करायची, ही नेहमीची अडचण येथे नाही, कारण बाजार एका ठिकाणी भरतो. आपल्या वैशाखऱ्यावरून नाणेघाट चढून गेले की वर दगडी रांजण आहे. तो जकातीचा रांजण, असे परंपरा सांगते. ज्याने तो घाटाच्या माथ्यावर ठेवला त्याला वसुलीचे अर्थशास्त्र कळत होते: माल जेथून जातोच जातो तेथे बसावे. सुपारीच्या बाबतीत ती जागा म्हणजे नारायणगावच्या राहुट्या. नोंदणी तेथेच, कराराचा छापील नमुना तेथेच, लेव्हीची पावती तेथेच. नाव नोंदले गेले की म्हातारपणी पुरावे शोधण्याची पाळी येणार नाही. आणि त्याच निधीतून पावसाळ्यात अल्प व्याजाने कर्ज मिळाले, तर सावकाराची वही आपोआप पातळ होईल.

लेव्ही लावली तर सुपारीचा भाव वाढेल आणि गावे तमाशाऐवजी ऑर्केस्ट्रा आणतील, असा आक्षेप येईल. तो निराधार नाही. काही गावे तसे करतील. म्हणून लेव्ही ऑर्केस्ट्रालाही लावावी. तेथेही गाणारी मुलगी रात्रीच्या बिदागीवरच जगते. फडमालकही सुरुवातीस विरोध करतील, वही उघडी करण्याची त्यांना धास्ती वाटेल. त्यांच्याशी बोलावे लागेल, आणि ते काम पुण्या-मुंबईच्या सभागृहांतून होणार नाही.

कायदा होईल तेव्हा होईल. तोपर्यंतचे काम आपल्या हातातले आहे, आणि त्यासाठीच मी हे भाषण येथे करत आहे. आपल्यापैकी अनेकजण आपापल्या गावच्या यात्रा समितीवर आहेत. वर्गणी तुम्ही गोळा करता, सुपारी तुम्ही ठरवता. सुपारी ठरवताना करार कागदावर करा आणि त्यात खेळाची वेळ, रक्कम व ती देण्याची तारीख लिहा. खेळ संपल्यावर उरलेली रक्कम त्याच रात्री द्या. ‘सकाळी बघू’ म्हणून फड अडकवून ठेवण्याची रीत बंद करा. पाऊस आला, वीज गेली, गायिका आजारी पडली तर काय, हे आधी ठरवा, आणि गायिका आजारी पडली म्हणून पैसे कापू नका. बायकांना कपडे बदलण्यास बंद जागा, न्हाणी आणि संडास यांची सोय गावाने करावी. शाळेची इमारत एका रात्रीसाठी उघडून देता येते. तंबूत आलेल्या लेकरांना त्या रात्री कोठे झोपवतात, ते एकदा आत जाऊन पाहा. पाटलाच्या किंवा पुढाऱ्याच्या मुलाने रंगमंचावर चढून हात धरला तर त्याला खाली उतरवण्याचे काम पोलिसांवर सोडू नका. ते यात्रा समितीचे काम आहे, आणि तो मुलगा आपल्या पक्षाचा असला तर आधी आपले आहे.

म्हशाच्या जत्रेला अजून अवकाश आहे. भट्टीवर जाणाऱ्या बिऱ्हाडांची उचलीची नोंद करण्यासाठी आपण ज्या वह्या छापून घेतो, त्यांत चार रकाने आहेत: नाव, उचल, कपात, बाकी. त्याच वह्यांच्या काही प्रती जत्रेत घेऊन जाव्यात. फडातील कोणी आपणहून बोलण्यास तयार असेल तर लिहून घ्यावे. नसेल तर आग्रह करू नये. बाईंशी बोलण्यास आपल्या महिला कार्यकर्त्यांनी जावे, आणि खेळाच्या आधी नव्हे, दुसऱ्या दिवशी दुपारी जावे. पहाटे झोपलेली माणसे तोवर उठलेली असतात आणि चूल पेटलेली असते.